त्रैक्याचा वाद आणि 'ख्रिस्ती' या नावावरचा हक्क

योहानाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात अकरा वचनांच्या अंतराने दोन वाक्ये येतात. पुनरुत्थानाच्या सकाळी येशू मग्दालीया मरीयेला सांगतो की, जो माझा पिता व तुमचा पिता, माझा देव व तुमचा देव, त्याच्याकडे मी वर जातो. पुढे आठवडाभराने शिष्य थोमा त्याच येशूच्या हातांवरच्या खुणांसमोर उभा राहतो आणि त्याला म्हणतो, "माझा प्रभू व माझा देव!" येशू त्याला अडवत नाही. ज्याला स्वतःचा देव आहे, त्यालाच दुसरा कोणी 'माझा देव' म्हणतो, आणि ही दोन्ही वाक्ये लिहिणाऱ्याला त्यांचा मेळ घालून दाखवण्याची गरज वाटत नाही. येशू देव आहे की नाही, असल्यास कोणत्या अर्थाने, आणि मग देव एकच कसा, या प्रश्नांवर ख्रिस्ती लोक शतकानुशतके भांडत आले त्याचे मूळ अशा जागांमध्ये आहे. ते कोणा एका सम्राटाच्या कारस्थानात किंवा कोणा एका पाखंड्याच्या दुष्टपणात शोधणे व्यर्थ आहे.

मी स्वतः त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव हा सिद्धान्त, मानणारा आहे. उपासनेत 'देवापासून देव, प्रकाशापासून प्रकाश, खऱ्या देवापासून खरा देव' हे नायसियाच्या विश्वासांगीकारातले, म्हणजे चौथ्या शतकातल्या परिषदेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या श्रद्धेच्या कबुलीतले, शब्द उच्चारताना माझ्या मनात कोणतीही पळवाट नसते. तरीही जो माणूस येशूला मसीहा, प्रभू आणि देवाचा पुत्र मानून त्याच्यामागे चालतो, पण येशू स्वतः सर्वसमर्थ देव आहे हे मान्य करत नाही, तो ख्रिस्ती नव्हेच, असे म्हणण्याचा अधिकार आम्हा त्रैक्यवाद्यांना नाही असे माझे ठाम मत झाले आहे. याचे कारण साधे आहे. त्रैक्य हे शास्त्रात लिहिलेले वाक्य नाही. शास्त्र वाचताना जो प्रश्न उभा राहतो, त्याला मंडळीने, म्हणजे चर्चने, दिलेले ते उत्तर आहे. ते उत्तर मला बरोबर वाटते, आणि उत्तर म्हणून मी त्याची बाजू लढवायला तयार आहे. पण प्रश्नच नव्हता असे भासवून ज्यांना वेगळे उत्तर सुचले त्यांना अप्रामाणिक ठरवण्याची जी सवय आपल्याला जडली आहे, ती सुटली पाहिजे.

प्रश्न किती खरा आहे हे पाहायचे तर आधी दुसऱ्या बाजूची वचने मनापासून वाचावी लागतात. सर्व आज्ञांमध्ये पहिली कोणती, असे एका शास्त्र्याने विचारले तेव्हा येशूने उत्तर दिले ते इस्राएलाच्या जुन्या घोषणेने: "हे इस्राएला, ऐक, आपला देव परमेश्वर हा एकच प्रभू आहे." शास्त्र्याने तेच पुन्हा म्हणून दाखवले, आणि 'तू देवाच्या राज्यापासून दूर नाहीस' असे येशूने त्याला सांगितले. त्या संवादात देवाच्या एकत्वाला कुठलीही पुरवणी जोडलेली नाही. योहानाच्या सतराव्या अध्यायातल्या प्रार्थनेत येशू पित्याला 'तू जो एकच खरा देव' असे संबोधतो आणि स्वतःचा उल्लेख त्याने पाठवलेला म्हणून करतो. 'पिता माझ्यापेक्षा थोर आहे' हे त्याचेच शब्द आहेत. शेवटची घटका पित्यावाचून कोणालाही, पुत्रालाही, ठाऊक नाही, असे मार्काच्या तेराव्या अध्यायात आहे. या वचनांवर बोट ठेवणारा माणूस कुठलीही चलाखी करत नाही. तो वाचतो आहे.

मात्र तेवढेच वाचून थांबता येत नाही. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात तीच इस्राएलाची घोषणा घेतली आहे आणि तिच्यातले 'देव' व 'प्रभू' हे दोन शब्द वाटून दिले आहेत: आपला एकच देव म्हणजे पिता, ज्याच्यापासून सर्व काही झाले, आणि एकच प्रभू म्हणजे येशू ख्रिस्त, ज्याच्या द्वारे सर्व काही झाले. हे पत्र वधस्तंभानंतर सुमारे पंचवीस वर्षांच्या आतले आहे. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात येशूच्या नावाने प्रत्येक गुडघा टेकेल असे म्हटले आहे. हे शब्द यशयाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायातून घेतलेले आहेत, आणि तिथे परमेश्वर 'मीच देव आहे, दुसरा कोणी नाही' असे सांगून लगेच प्रत्येक गुडघा आपल्यापुढे टेकेल अशी शपथ वाहतो. एकेश्वरी निष्ठेत वाढलेल्या एका यहूदी माणसाने देवासाठी राखलेले शब्द अलीकडेच मारल्या गेलेल्या माणसाला लावावेत ही साधी घटना नव्हे. 'येशू एक थोर शिक्षक होता, बाकी सारे पुढच्यांनी रचले' हे म्हणणे या ओळींपुढे टिकत नाही. पण पौलानेच इथे 'देव' हा शब्द पित्यासाठी राखून ठेवला आहे, हेही तितकेच खरे आहे. दोन्ही बाजू याच वचनाचा आधार घेतात, आणि दोघांनाही तो आधार खरोखरच मिळतो.

मराठी वाचकाच्या नजरेतून या वादाचा एक पदर बहुधा सुटतो, म्हणून त्यावर थोडे थांबतो. 'प्रारंभी शब्द होता, आणि शब्द देवासह होता, आणि शब्द देव होता' हे योहानाचे पहिले वचन मराठीत वाचताना कुठे अडखळायला होत नाही. मूळ ग्रीकमध्ये 'देवासह' मधल्या देवाला निश्चितता दाखवणारे उपपद (इंग्रजीतल्या 'the' सारखे) आहे आणि 'देव होता' मधल्या देवाला ते नाही. यहोवाचे साक्षीदार या त्रैक्य न मानणाऱ्या पंथाचे भाषांतर शब्दाला 'एक देव', म्हणजे देवासारखे दिव्य अस्तित्व, असे म्हणते ते याच आधारावर. त्यावर उत्तर आहे, आणि ते मला पटते: ग्रीकमध्ये क्रियापदाआधी आलेल्या विधेय नामाचे उपपद बहुधा गळते, त्यामुळे ते नाही म्हणून अर्थ अनिश्चित होत नाही, आणि इथे शब्दाचे स्वरूप सांगण्याचा हेतू आहे. पण मराठीत मुळात उपपदच नाही. आपल्या लिपीत लहान-मोठी अक्षरेही नाहीत, त्यामुळे एकमेव देवासाठी मोठे अक्षर आणि इतर देवांसाठी लहान अक्षर हा भेदही आपल्याला पानावर दाखवता येत नाही. तिथे वाद होता हे आपल्याला भाषांतरातून कळतच नाही, आणि मग तो उकरून काढणारा आपल्याला खोडसाळ वाटतो. रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायातल्या पाचव्या वचनाचेही तसेच आहे. सर्वांत जुन्या ग्रीक प्रतींत आजच्यासारखी विरामचिन्हे नव्हती. पूर्णविराम कुठे द्यायचा हे संपादकाने ठरवायचे, आणि तो एका जागी दिला तर ख्रिस्ताला 'सर्वांवर असलेला देव' म्हटले आहे असे होते, दुसऱ्या जागी दिला तर ते देवाचे स्वतंत्र स्तवन ठरते. ज्या सिद्धान्तावरून माणसे देशोधडीला लागली, त्याच्या पुराव्यातला एक दुवा एका ठिपक्यावर लोंबकळतो, ही जाणीव ठेवून तरी आपण आवाज खाली आणावा.

या वादात दोन गैरसमज फार प्रचलित आहेत आणि दोन्ही बाजूंना ते सोयीचे पडतात. पहिला असा की, ३२५ साली सम्राट कॉन्स्टंटाइनने नायसियात बिशपांना बोलावून मतदानाने येशूला देव बनवले. हे खरे नाही. त्याच्या दोनशेहून अधिक वर्षे आधी, सुमारे ११२ साली, ज्या प्रदेशात नायसिया येते त्या बिथिनियाचा राज्यपाल प्लिनी याने सम्राट ट्राजानला कळवले होते की, हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी जमून ख्रिस्ताला देवासारखे मानून त्याचे स्तोत्र गातात. ज्या आरियस नावाच्या अलेक्झांड्रियातल्या धर्मगुरूविरुद्ध नायसियाची परिषद भरली, तोही येशूला केवळ माणूस मानत नव्हता. पुत्र सर्व युगांच्या आधी निर्माण झाला, सृष्टी त्याच्याच द्वारे घडली, असे तो शिकवी. फक्त तो निर्माण झालेला आहे आणि 'तो नव्हता असा काळ होता' यावर त्याचा आग्रह होता. दुसरा गैरसमज आमच्या बाजूचा आहे. प्रेषितांनी त्रैक्याचा सिद्धान्त घडवूनच दिला होता आणि आरियसाने तो बिघडवला, असे आम्ही मानत आलो. पण दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक जस्टिन पित्याहून 'दुसऱ्या देवा'बद्दल बोलतो, तिसऱ्या शतकातल्या ओरिगेनलाही पुत्राला 'दुसरा देव' म्हणताना संकोच वाटत नाही, आणि त्रैक्यासाठी लॅटिन शब्द रूढ करणारा तर्तुलियन एके ठिकाणी चक्क लिहितो की, पुत्र नव्हता असा काळ होता. ही माणसे पाखंडी नव्हती. ज्या प्रश्नाला अजून नेमके शब्द सापडले नव्हते, त्याच्याशी ती झटत होती.

शब्द सापडायला नायसियानंतरही ५६ वर्षे लागली, आणि तो काळ मला या साऱ्या इतिहासात सर्वांत बोधक वाटतो. परिषदेने पुत्र पित्याशी 'होमोऊसिऑस', म्हणजे एकसत्त्व, आहे असे ठरवले. हा शब्द बायबलात कुठेच नाही, आणि अनेक बिशपांना, ते आरियसाच्या बाजूचे नसतानाही, तो खुपत होता. कैसरियाचा बिशप युसीबियस याने सही केली आणि मग आपल्या मंडळीला पत्र लिहून आपण ती का केली याचा खुलासा केला. एकाच सत्त्वाचे म्हटले तर पिता आणि पुत्र ही एकाचीच दोन नावे ठरतील, अशी पुष्कळांना भीती होती. म्हणून काहींनी 'होमोइऊसिऑस', म्हणजे सदृश सत्त्वाचा, असे म्हणावे असे सुचवले. दोन शब्दांत ग्रीक वर्णमालेतल्या सर्वांत बारीक अक्षराचा फरक आहे. सम्राट बदलले तशी बाजू पालटली. खुद्द कॉन्स्टंटाइनला ३३७ साली मृत्युशय्येवर बाप्तिस्मा दिला तो आरियसाचा पाठीराखा असलेल्या निकोमिडियाच्या बिशपाने. नायसियाचा खंदा पुरस्कर्ता अथानासियस पाच वेळा हद्दपार झाला. ३५९ साली रिमिनी आणि सेल्युकिया इथल्या परिषदांकडून सम्राट कॉन्स्टंटियसने दडपणाखाली वेगळे सूत्र मान्य करून घेतले, आणि त्याविषयी जेरोमने लिहिले की सारे जग कण्हले आणि आपण आरियसवादी झालो आहोत हे पाहून चकित झाले.

ज्या अथानासियसचे नाव घेऊन आम्ही इतरांना बाहेर काढतो, त्याने उतारवयात काय केले ते आम्ही क्वचितच सांगतो. ३६२ साली त्याच्या पुढाकाराने भरलेल्या अलेक्झांड्रियातल्या परिषदेपुढे दोन गट उभे होते. एक गट देवात तीन 'हिपोस्टासिस' (हा ग्रीक शब्द कोणी 'सत्त्व', कोणी 'स्वतंत्र अस्तित्व' या अर्थाने वापरी) आहेत म्हणे, दुसरा एकच आहे म्हणे, आणि दोघे एकमेकांना पाखंडी समजत. परिषदेने प्रत्येकाला त्याच्या शब्दाचा अर्थ विचारला. तिघे म्हणणाऱ्यांना तीन देव अभिप्रेत नव्हते आणि एक म्हणणाऱ्यांना पुत्र नाकारायचा नव्हता, हे स्पष्ट झाले आणि दोघांनाही सहभागितेत घेतले गेले. यातली खरी गोष्ट अशी की, ३२५ च्या नायसियाने पुत्र वेगळ्या हिपोस्टासिसचा आहे असे म्हणणाऱ्याला शाप दिला होता. आणि पुढे बासिल, त्याचा भाऊ निसाचा ग्रेगरी आणि नाझियान्झसचा ग्रेगरी यांच्या विचारातून जी मांडणी मान्य झाली, ती 'एक सत्त्व, तीन हिपोस्टासिस' अशीच आहे. शब्द तोच राहिला आणि त्याचा अर्थ बदलला. त्या शापाचे अक्षर जर कोणी हट्टाने धरून ठेवले असते, तर आज आम्ही ज्याला शुद्ध मत म्हणतो त्यालाही जागा उरली नसती. अथानासियसचे औदार्य आरियसासाठी नव्हते, हे मी नाकारत नाही. पण शापाआधी अर्थ विचारावा, ही रीत त्यानेच घालून दिली आहे.

पवित्र आत्म्याविषयी तर संदिग्धता आणखी उशिरापर्यंत होती. ३८० साली नाझियान्झसच्या ग्रेगरीने एका प्रवचनात मोकळेपणाने सांगितले की, आपल्यातले काही जाणते आत्म्याला देवाची शक्ती मानतात, काही निर्माण झालेला मानतात, काही देव मानतात, आणि काही शास्त्राने स्पष्ट सांगितले नाही म्हणून काहीच ठरवत नाहीत. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेच्या विश्वासांगीकारातही आत्म्याला थेट 'देव' म्हटलेले नाही; पिता व पुत्र यांच्याबरोबर त्याची उपासना होते, असे म्हटले आहे.

मग इतका खटाटोप करून मंडळीने काय राखले? माझ्या मते एक अतिशय मोलाची गोष्ट राखली. येशू जर सर्वांत थोर पण निर्माण केलेला दूत असेल, तर वधस्तंभावर देवाने स्वतः काही सोसले नाही. त्याने दुसऱ्या कोणाला तरी सोसायला पाठवले. मग देवाचे प्रेम आपल्याला निरोपातून कळते, प्रत्यक्ष भेटीतून नाही. अथानासियसच्या साऱ्या युक्तिवादाचा गाभा हाच आहे, आणि माझी श्रद्धा उभी आहे ती यावर. आता समोरच्या बाजूचे सर्वांत बळकट म्हणणे तितक्याच आस्थेने मांडले पाहिजे. येशू जर सर्वज्ञ देवच असेल, तर गेथशेमाने बागेत तो कोणाची विनवणी करत होता? त्याचा मोह खरा होता का? 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' ही आरोळी खरी होती का? त्यांना भीती वाटते ती अशी की, येशूचे देवत्व सिद्ध करण्याच्या भरात आपण त्याचे माणूसपण पोकळ करून टाकू, आणि ज्याच्या मागे चालायचे तो माणूसच उरणार नाही. ही भीती निराधार असती तर पूर्ण देव आणि पूर्ण माणूस असे जोडीने सांगायला ४५१ साली खाल्केदोनला आणखी एक परिषद भरवावी लागली नसती.

उलट टोकाची मंडळीही आहेत. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेतल्या पेंटेकोस्टल चळवळीतून एक गट निघाला, ज्याच्या मते पिता, पुत्र, आत्मा ही एकाच देवाची रूपे असून त्याचे नाव येशू आहे. येशूच्या देवत्वाविषयी त्यांना तिळमात्र शंका नाही, त्रैक्य मात्र ते नाकारतात, आणि १९१६ साली याच कारणाने त्यांना मोठ्या संघटनेतून बाहेर पडावे लागले. त्यामुळे 'त्रैक्य नाकारतो म्हणजे येशूला कमी लेखतो' हे समीकरणही खोटे ठरते.

आमच्या बाजूने चुकीचे बचाव फार झाले, आणि त्यांनी सिद्धान्ताचे नुकसानच केले. योहानाच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात 'पिता, शब्द व पवित्र आत्मा हे तिघे एक आहेत' हे वचन शतकानुशतके पुरावा म्हणून दिले गेले. ते जुन्या ग्रीक प्रतींत नाही. नव्या कराराचा संपादक विद्वान इरॅस्मस याने १५१६ आणि १५१९ च्या ग्रीक आवृत्त्यांत ते घेतले नव्हते. गदारोळ झाल्यावर, आणि ते वचन असलेली एक अलीकडची प्रत पुढे आणली गेल्यावर, १५२२ च्या आवृत्तीत त्याने ते घातले. आयझॅक न्यूटनने १६९० साली जॉन लॉकला पाठवलेल्या लेखात हा सारा प्रकार तपशिलाने उलगडला, पण हयातीत तो छापू दिला नाही. तो प्रसिद्ध झाला १७५४ साली, त्याच्या मृत्यूनंतर सत्तावीस वर्षांनी. खोट्या पुराव्याला खोटे म्हणायलाही त्या काळी माणसाला भय वाटत होते. आज मुलांना शिकवताना पाणी, बर्फ आणि वाफ हा दाखला सर्रास दिला जातो. एकच पाणी तीन रूपांत, हे वर सांगितलेल्या एकरूपवादी गटाचे मत झाले. सबेलियस या शिक्षकाच्या नावाने मंडळीने तिसऱ्या शतकातच ते नाकारले होते. जो सिद्धान्त आपल्याच तोंडून चुकीचा बाहेर पडतो, तो बिनचूक मान्य केला नाही म्हणून दुसऱ्याला दोष देणे न्याय्य नाही.

नावाचा प्रश्न कायद्याने सोडवण्याचा पहिला मोठा प्रयत्न ३८० साली झाला. सम्राट थिओडोसियसने फर्मान काढले की, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचे एकच देवत्व मानणाऱ्यांनीच 'कॅथलिक ख्रिस्ती' हे नाव घ्यावे. बाकीचे वेडे आणि पाखंडी ठरवले गेले, आणि दैवी शिक्षेबरोबर सम्राटाच्या शिक्षेचीही धमकी त्यात होती. पुढच्या शतकांतले बरेच काही त्या फर्मानातून वाहत आले. त्रैक्य नाकारणाऱ्या मायकेल सर्व्हेटसला २७ ऑक्टोबर १५५३ रोजी जिनीव्हात जाळले. मरताना त्याने 'सनातन देवाच्या पुत्रा येशू, माझ्यावर दया कर' अशी हाक मारल्याची नोंद आहे. 'देवाच्या सनातन पुत्रा' असे म्हणायला तो शेवटपर्यंत तयार झाला नाही. एका विशेषणाची जागा बदलली नाही म्हणून एक माणूस येशूचे नाव घेत जळाला, आणि त्याला जाळणारेही येशूचेच नाव घेत होते. सेबास्टियन कास्टेलियोने त्यावर लिहिले की, माणसाला मारणे म्हणजे सिद्धान्ताचे रक्षण करणे नव्हे, ते माणसाला मारणे होय. पोलंडमधल्या त्रैक्य न मानणाऱ्या बांधवांना १६५८ साली देश सोडण्याचा हुकूम झाला. एडिंबरोत १६९७ साली थॉमस एकनहेड या विद्यार्थ्याला फाशी दिले, त्याच्यावरच्या आरोपांत त्रैक्याची निंदा हा एक होता. इंग्लंडमधल्या १६८९ च्या सहिष्णुता कायद्यातून त्रैक्य नाकारणाऱ्यांना वगळले होते, ते थेट १८१३ पर्यंत.

आता कोणी जाळत नाही. पण नाव नाकारण्याची भाषा तीच आहे, आणि तिथे एक भेद स्पष्ट ठेवावा लागतो. प्रत्येक मंडळीला आपली सहभागिता कशावर उभी आहे हे ठरवण्याचा हक्क आहे. १९४८ साली स्थापन झालेली जागतिक ख्रिस्ती मंडळ्यांची परिषद प्रभू येशूला देव आणि तारणारा मानणाऱ्या मंडळ्यांची आहे, आणि १९६१ च्या दिल्ली अधिवेशनात तिने पिता, पुत्र व पवित्र आत्मा या एका देवाचा उल्लेखही आपल्या पायाभूत विधानात घातला. २००१ साली व्हॅटिकनने मॉर्मन पंथाचा बाप्तिस्मा वैध मानता येत नाही असे ठरवले, कारण सूत्र तेच असले तरी पिता-पुत्र-आत्मा या शब्दांमागचा अर्थ मुळातच वेगळा आहे. या निर्णयांवर माझा आक्षेप नाही. ज्याच्या तोंडी आमचा विश्वासांगीकार खरा नसेल, त्याने आमच्या वेदीशी उभे राहून तो म्हणावा असे मी मागत नाही. पण 'तुमची आमची सहभागिता नाही' हे एक विधान आहे आणि 'तुम्ही ख्रिस्ताचे नाहीच' हे दुसरे. पहिले आमच्या घराविषयी आहे. दुसरे त्याच्या आणि ख्रिस्ताच्या नात्याविषयी आहे, आणि तिथे आम्ही साक्षीदारही नाही, न्यायाधीश तर नाहीच.

यावर विचारले जाते की, मग शब्दाला अर्थ काय उरला? कोणीही स्वतःला ख्रिस्ती म्हणवून घेईल. आक्षेपात तथ्य आहे, आणि सीमा नकोच असे मी म्हणत नाही. प्रेषितांच्या कृत्यांत म्हटले आहे की, शिष्यांना ख्रिस्ती हे नाव पहिल्याने अंत्युखियात मिळाले. त्या वेळी नायसिया नव्हते, 'त्रैक्य' हा शब्द नव्हता, नव्या करारातली बहुतेक पुस्तके लिहिलीही गेली नव्हती. येशूला ख्रिस्त, म्हणजे मसीहा, मानणे आणि तो मेलेल्यांतून उठला असे मानून त्याला प्रभू म्हणणे एवढ्यावर ते नाव पडले. ही सीमा पोकळ नाही. येशूला नुसता सज्जन उपदेशक मानणारा तिच्या बाहेरच राहतो. पण ती आमच्या सिद्धान्ताच्या काठावर आखलेली नाही.

याहून गंभीर आक्षेप माझ्या मनातूनच उठतो. येशू खरोखर देव असेल, तर ते नाकारणे ही लहान चूक कशी? ती लहान नाही. मला ती मोठी चूक वाटते, आणि संधी मिळेल तिथे मी तसे सांगेन. पण चूक मोठी असणे आणि चुकणाऱ्याची निष्ठा खोटी असणे यांत फार अंतर आहे. थोमाने आठवडाभर विश्वास ठेवायचे नाकारले, तरी त्या आठवड्यातही त्याला कोणी बारा जणांतून काढले नाही. आणि हा न्याय दोन्हीकडून हवा. आम्ही तीन देवांना भजतो, आमचा विश्वास मूर्तिपूजकांकडून उसना घेतलेला आहे, असे जे त्रैक्य नाकारणारे लोक सरसकट म्हणतात, तेही आम्हाला अर्थ न विचारताच निकाल देतात. पित्याला, पुत्राला, आत्म्याला हाक मारताना माझ्या मनात तीन देव कधीही नसतात, आणि यावर त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा अशी माझी मागणी आहे, जसा मी त्यांच्या 'येशू माझा प्रभू आहे' या शब्दावर ठेवतो.

पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये वॉन्टेज इथे बाप्तिस्मा घेतला. दोन वर्षांनंतरच्या त्यांच्या पत्रांतून दिसते की, ख्रिस्ताचे देवत्व आणि त्रैक्य त्यांना तेव्हा पटलेले नव्हते. वॉन्टेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांना हा गर्व आणि अवज्ञा वाटली. रमाबाईंनी त्यांना कळवले की, एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मी मोठ्या कष्टाने सुटले आहे, आता तसलेच दुसरे जोखड मानेवर घ्यायची माझी तयारी नाही. मी ख्रिस्ताच्या मंडळीची सभासद आहे, पण धर्मगुरूंच्या तोंडून पडणारा प्रत्येक शब्द मानायला बांधलेली नाही. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयातल्या डोरोथिया बील यांनी मात्र त्यांच्या शंकांचा प्रश्न म्हणून विचार केला आणि पत्रांतून त्यांच्याशी वाद घातला. रमाबाईंचा निकाल त्या वर्षी लागला नाही. त्यांची श्रद्धा पुढे आपल्या वाटेने आणि आपल्या वेळी दृढ झाली, आणि आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून साऱ्या बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली. १९२२ साली त्यांचे निधन झाले तेव्हा ते काम पुरे झाले होते. योहानाच्या विसाव्या अध्यायातली दोन्ही वाक्ये त्यात आहेत: पित्याला 'माझा देव' म्हणणाऱ्या येशूचे, आणि येशूला 'माझा देव' म्हणणाऱ्या थोमाचे.